मधली लेन

मिल्नरोचा चढ लागला की तो असतोच.
चांदीच्या रंगाची होंडा, मागच्या काचेत
चौकड्यांची उशी आणि एक चुरगळलेली टोपी.
डावी लेन रिकामी, सारवून ठेवल्यासारखी,
आणि हा मधल्या लेनमध्ये
पाटावर बसल्यासारखा. साठवर.
ना एकसष्ट, ना एकोणसाठ.
जेवण उरकलंय, खरकटा हात वाळलाय,
मागे पुढची पंगत ताटकळत उभी,
पण पानावरून उठायचं नाव नाही.

मी डावीतून येते. म्हणजे नियमानं
डावीतून मधलीत, मधलीतून उजवीत,
त्याला ओलांडून मधलीत, परत डावीत.
शंकराला घालतात तशी
अर्धी प्रदक्षिणा, रोज, रॉचडेलहून घरी येताना.
त्यातही बरोबरीला आले की
ह्याला एकाएकी वेग सुचतो.
पासष्ट. अडुसष्ट. मान ताठ, नजर समोर,
जणू मी खिडकीबाहेरचं हवामान.
नाद सोडून मागे आले
की पुन्हा साठ.

शेजारी नॉर्मन सँडविच खात असतो.
एकाच लॅबमध्ये आम्ही, पेट्रोल अर्धं-अर्धं.
"तुमच्याकडे म्हणे गाई बसतात रस्त्यात?"
बसतात, मी म्हणते,
पण हॉर्न दिला तर निदान वळून बघतात.

मग लॉऱ्या.
छप्पन मैलांची एक, आणि तिला मागे टाकायला निघालेली
साडेछप्पन मैलांची दुसरी.
चाकाला चाक लावून दोघी,
मांडवाच्या दारात दोन विहिणी,
पहिला मान कुणाचा ते ठरत नाही
आणि मागे अख्खं वऱ्हाड
घड्याळाकडे बघत.

आणि ती काळी ऑडी.
माझ्या डिकीत शिरेल इतकी जवळ, डोळे वटारून.
दिली बाई वाट. सुटली.
पुढे गेल्यावर आठवलं तिला, आपल्याला इथेच उतरायचंय.
उजवीतून सरळ डावीत, तीन लेन कापत,
माझ्या नाकासमोर ब्रेक.
नॉर्मनच्या मांडीवर अंड्याचं सँडविच,
आणि माझ्या तोंडून जे निघालं
ते त्याला कळलं नाही, भाषेची कृपा.

बुधवारी नॉर्मन नव्हता. नागीण उठलीय त्याला.
माळावर धुकं असं
की बॉनेटसुद्धा आपलं आहे हे मानून चालायचं.
वरच्या पाट्यांवर चाळीस, मग पाट्याही गेल्या.
दोन रस्त्यांच्या बेचक्यात ते एक शेतघर आहे,
जाणारे आणि येणारे दोघंही त्याला टाकून पुढे जातात,
ते कुठल्या क्षणी गेलं ते कळलं नाही.
ऑडी नाहीत, विहिणी नाहीत.
जमिनीत मांजराचे डोळे, एक गेला की एक,
आणि पुढे दोन लाल दिवे.
त्यांच्या मध्ये, वर, अंधुक,
चौकड्यांची उशी.

चाळीस.
ना एक्केचाळीस, ना एकोणचाळीस.
मी दोन सेकंद मोजून मागे राहिले,
तो दिसेनासा झाला की एकच मोजून.
हलू नकोस रे बाबा, म्हणाले.
इतकी वर्षं ज्याला हल म्हणत आले
त्याला म्हणाले, बसलाय तसाच बस.
बारा मैल.

एन्ली टॉपच्या अर्धा मैल आधी
त्यानं इंडिकेटर दिला. सावकाश, शाळेत शिकवल्यासारखा,
आणि डाव्या लेनमध्ये गेला.
म्हणजे माहीत होती त्याला, डावी लेन!
उतारावरून खाली वळला. मी हात केला.
त्यानं पाहिला नसणार.

धुकं विरलं. ब्रिगहाउसचे दिवे लागले दिसायला.
काटा साठवर. डावीकडे
कोणी नाही, रस्ता लख्ख ओला.
मागून कुणीतरी दिवे मारले, एकदा, मग दोनदा.
हो हो, म्हटलं,
आणि लगेच काही हलले नाही.