लांबपोळी

आमच्यात पोळीचं माप कोपरापर्यंत.
आपटून सैल केलेली कणीक
हातांवरून ओघळत जाते,
मग उपड्या मडक्यावर.

धुरपताआत्याचे हात आखूड, तिची पोळी आखूड.
बाबा उंच. गिरणी बंद पडली त्या वर्षी
तांडापेठेतल्या लग्नांत
त्यांची पोळी मडक्याखाली लोंबायची.
हातांवरचे केस तेव्हाच जळाले.

मी ते शिकले नाही. माझ्याकडे मसाला:
शेजारी खोकले की भाजून झाला.

मे महिना. कूलरमध्ये पाणी नाही.
निहार, दहावीतला, मडक्यापुढे उघडा.
एक फाटली. दुसरी फाटली.
बाबा खुर्चीतून: "धरून नको ठेवू बे. सोड."

तिसरीही फाटली.
तुकडा पाटोडीच्या तर्रीत बुडवत तो म्हणाला,
"आबा, फाटकी लवकर भिजते."

बाबांनी ताट पुढे सरकवलं.