सेकंडचा माल

साखर पेठेत येमूलांच्या दुकानात
स्टुलावर बसून मी पत्रिका चाळते आहे.
माझीच. अजून नाव छापायचं राहिलंय.

नातेवाइकांची ठरली. मखमली, घुंगरांची दोरी,
बावीस रुपये एक. नानांनी हिशेब केला नाही,
नुसते डोळे मिटून हो म्हणाले.
कंपनीसाठी मात्र बजावून ठेवलंय,
तीनशेच्या वर पैसा नाही.

पॅकिंगचे चौतीस, चेकिंगच्या एकवीस, शिलाईच्या नऊ,
गेटवरचा इरण्णा, चहाचा पोऱ्या
आणि होटगीकर साहेब.
सदुसष्ट.

"एकच घे की गं," येमूल म्हणतात,
"बोर्डाला लावायची. समस्त कर्मचारी वृंद."
तो बोर्ड मी रोज बघते.
गेल्या गड्ड्याच्या सुट्टीचा कागद अजून लटकतोय त्यावर.
समस्त म्हणजे कोणीच नाही.

मग साहेबांना मखमली, बाकीच्यांना साधी?
चाललं असतं, टॉवेलचा कारखाना नसता तर.
आमच्यात बोटांनाच वजन कळतं,
साडेचारशे जीएसएम की पाचशे,
नागमणी डोळे झाकून सांगते.
डब्याच्या सुट्टीत दोन पत्रिका शेजारी आल्या
की लग्न राहिलं बाजूला.

आणि खरा खर्च कागदाचा नाहीच.
चार रुपयांच्या पत्रिकेमागे
पावणेदोनशेचं ताट उभं असतं.
'सहकुटुंब' लिहिलं की चार ताटं.
रेहानाच्या घरी तर नऊ माणसं.
मी त्या शब्दावर बोट ठेवते, उचलते.
"ठेवू का काढू?"
ठेवा, म्हणते. आवाज जरा बारीकच निघतो.

तेव्हा ते फळीखालून एक गठ्ठा ओढतात,
सुतळीचा, धुळीचा.
"छपाई धरून दोन रुपये. नीट बघून घे,
नंतर बोलायचं नाही."

नीट बघायचाच मला पगार मिळतो.
गणपतीचा लाल रंग रेषेबाहेर गेलाय,
सोंडेच्या उजवीकडे, एक सूतभर.
सगळ्या गठ्ठ्यात तसाच.
डाग नाही, फाटलेलं नाही.
आमच्या भाषेत, सेकंड.

सेकंड म्हणजे जे बोटीत चढत नाही.
काठाचा धागा सुटला, रंग अर्ध्या छटेनं चुकला,
की ते बाजूला पडतं, किलोवर विकतं,
आणि आमच्या सगळ्यांच्या घरी
आंघोळीनंतर त्यानंच अंग पुसतात.
साहेबांकडेही. त्यांच्या स्कूटरच्या सीटवर पाहिलाय मी,
कोपऱ्यात खडूची खूण तशीच.

सदुसष्ट द्या, म्हटलं.
एकशे सहासष्ट उरले.
एका ताटाला नऊ रुपये कमी.

नावं हातानं लिहिली, दोन रात्री.
मल्लव्वाचं आडनाव तिलाच विचारावं लागलं.
आठ वर्षं एका टेबलावर आहोत.

सोमवारी वाटल्या.
आधी कुणी वाचलंच नाही.
सगळ्या पत्रिका ट्यूबलाइटकडे वर गेल्या,
बोटं कडांवरून फिरली,
आणि नागमणी ओरडली, "सोंड बघ बे, सोंड!"
अख्खं चेकिंग हसलं. साहेब केबिनमधून
चष्मा कपाळावर चढवून बाहेर आले,
हातात त्यांची.
"रजिस्टर हललंय," म्हणाले,
आणि खिशात ठेवली.

मल्लव्वानं कानामागचा खडू काढला,
सोंडेपाशी लहानसा गोल केला,
टॉवेलवर करते तसाच.
पण बाजूला टाकली नाही.
पदराला हात पुसून
डब्याच्या पिशवीत उभी ठेवली, चटणी लागू नये अशी.

"किती जणांनी यायचं गं?"
लिहिलंय की.
"लिहिलंय ते वाचलं. तू सांग."