साखऱ्याला सात

हिंगोलीत, बसस्टँडमागच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर
तयार पॅकेज बसेना त्या मशीनवर.
मशीन जुनं. मागच्या साहेबांच्या काळातलं,
एवढंच नोंदवहीत.
नव्याची फाइल मंजुरीला गेलेली, अजून तिकडंच.
म्हणून मी सोर्स उतरवून घेतला,
पीठ मिळेना तर
ज्वारी आणावी आणि जातं शोधावं, तसं.

कॉन्फिगर चालवलं.
ते एकेक विचारत गेलं, सोयरीक बघायला आलेल्या चुलत्यासारखं.
कंपायलर आहे का? आहे.
डेटाबेस? आहे, पण दोन पिढ्या मागचा.
पिंगची लायब्ररी?
नाही.
नाही म्हटल्यावर उठूनच गेलं, चहाही न घेता.

ती लायब्ररी आणली. तिला आणखी एक हवी होती.
तिला तिसरी.
तिसरीची नेमकी तीच आवृत्ती हवी, जी
कुणीतरी सहा वर्षांपूर्वी जपून ठेवायला विसरलं.
मोबीन म्हणाला, मॅडम, हे तर
आमच्या मोहल्ल्यातल्या नळासारखं झालं,
वॉशर मागितला की म्हणतात पाइप बदला.

साडेनऊला मेक सुरू झालं.
पडद्यावरून अक्षरं पळत होती
मळणीयंत्रातून सोयाबीन उडावं तशी,
भुसा कुठला, दाणा कुठला, कळू नये.
मशीन तापलं. मी खिडकी उघडली.
खाली कंडक्टर कळमनुरी, कळमनुरी करत होता
रिकाम्या फलाटाला.
मग एरर.
मीच मध्ये एक दुरुस्ती केली होती, शहाणपणानं.
तिच्यात अर्धविराम सुटलेला.
पुन्हा पहिल्यापासून.

बाराच्या पुढं कधीतरी ते उभं राहिलं.
जिल्ह्याचा नकाशा, एकेक आरोग्य केंद्र, एकेक ठिपका.
आता हे दर पाच मिनिटांनी प्रत्येकाला विचारणार, आहेस का?
आणि ते म्हणणार, आहे.
एवढंच बोलणं. बाकी काही विचारायचं नाही,
औषध आलं का, डॉक्टर आहेत का.
गोरेगाव हिरवं. कुरुंदा हिरवं.
जवळा बाजार जरा दम खाऊन हिरवं.
साखरा लाल.

शेषेरावांना फोन लावला.
लाइनमन म्हणून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली,
तरी झोपेतून उठून पहिलं विचारलं, कोन्तं गाव?
साखरा म्हटल्यावर हसले.
मेलं नाही ते, बाई. फीडर बदलायलेत तिकडं.
तुमचं यंत्र हाका किती मारतंय?
तीन, मी म्हणाले. तीनदा उत्तर नाही आलं तर लाल.
तीन लई कमी झाल्या.
बॅटरी थकलीय तिथली, राउटर उठायला येळ लावतं.
पण उठतं.
साखऱ्याला सात दे.

मॅन्युअल चारशे पानांचं. त्यात हे नव्हतं.
मी फाइल उघडली, तीन खोडून सात लिहिला.
वरती एक ओळ, पुढं हॅश लावून:
शेषेराव गवते यांच्या सांगण्यावरून.
हॅशची ओळ मशीन वाचत नाही.
ती मागून येणाऱ्यासाठी असते.

सेवा पुन्हा सुरू केली. मोबीन खुर्चीतच झोपला होता,
तोंडावर रुमाल टाकून.
चौथ्या हाकेपर्यंत मी जागी होते.
ठिपका पिवळा.
अजून तीन बाकी.