दात आंबले

वसमतच्या शाळेचं मैदान, पहाटेचे पाच.
पलीकडच्या खळ्यावर शिजवलेली हळद वाळायलीय,
तिच्या वासातून पोरं पळतात,
भरतीची पोरं. सोळाशे मीटर पोरांना, आठशे पोरींना.
माझ्या हातात घड्याळ,
शिट्टी दातांत.

जी पोरगी स्वतःचीच वेळ मोडेल
तिला निळी बाटली: हा नियम मी काढला.
मीच. दिवाळीनंतर.
टीव्हीतले खेळाडू घाम पुसून तसलीच उघडतात.
वाटलं, चाळीस रुपयांत
पोरींना तेवढं तरी मोठं वाटावं.

द्वारका खिल्लारे सगळ्यात जास्त वेळा जिंकली.
एकदम प्यायची नाही ती. पुरवून पुरवून,
मैदानावर एक घोट, एस्टीच्या थांब्यावर एक,
कुरुंद्याला उतरेपर्यंत झाकण उघड-मीट, उघड-मीट.
घरी निळी जीभ दिसली की माय ओरडायची,
म्हणून पोरगी चपला काढायच्या आधी ब्रश घ्यायची,
खसाखसा, खसाखसा,
जीभ लाल होईस्तोवर.

मार्चात एका पहाटे
तिनं रांजणातलं पाणी तोंडात घेतलं
आणि खालीच बसली.
"सर, दात आंबलेत."

आंबलेत म्हणली.
मला शाळेमागची चिंच आठवली.
आमच्या अख्ख्या वर्गानं तिथं दात आंबवले
आणि दुसऱ्या दिवशी भाकरीचा करपलेला पापुद्रा
कुरुकुरु चावून खाल्ला.
उतरेल, मी म्हणलं.
तीन आठवडे उतरलं नाही.
भाकर दुधात भिजायला लागली,
वाराही लागायला लागला दातांना,
आणि द्वारका तोंड मिटून पळायली.
तोंड मिटून कोण पळतं?

डॉक्टर तय्यबांनी आरसा आत घातला,
बराच वेळ काही बोलल्या नाहीत.
मग मला जवळ बोलावलं. "बघा."
पुढच्या दातांच्या कडा काचेसारख्या, आरपार.
एकोणीस वर्षांची पोरगी.

"साखर आहेच. पण हा आंबटपणा वेगळा, सर.
दाताचं वरचं कवच त्यानं मऊ पडतं.
घोट घोट घेतला तर त्याला सावरायला उसंत नाही.
आणि वर लगेच ब्रश?
ओल्या गिलाव्यावर खराटा मारल्यासारखं.
आधी साध्या पाण्यानं चूळ, मग तासभर थांबायचं."
लिंबूपाणी चालेल का, मी विचारलं.
"तेही लिंबूच की."
झिजलेलं परत येतं का?
"नाही. उरलंय ते राखायचं."

बाटली कोण देतं, हे त्यांनी विचारलं नाही.
द्वारकानं सांगितलं नाही.
आपलेच दात, आपलेच ओठ.
जिना उतरताना खिशात शिट्टी चाचपली,
तिच्यावर माझ्या दातांचे खड्डे होते.

आता कडुलिंबाखाली दोन माठ.
पळायच्या आधी अर्धा पेला,
पळून झाल्यावर तहान म्हणेल तेवढं.
तीन-साडेतीन मिनिटांच्या पळण्याला
याहून जास्त काय लागतं,
हे मी कधी कुणाला विचारलंच नव्हतं.
ऊन वर आलं, सराव लांबला
तर गणाचाऱ्याच्या घरून ताकाची बरणी येते,
पातळ, मीठ घातलेलं.
बक्षीस म्हणून अर्धापूरचं केळ.
पहिल्या दिवशी पोरं फिस्सकन हसली,
"केळं खाऊन वर्दी भेटतीय व्हय, सर?"

काल द्वारकानं तीन सेकंद तोडले.
वेळ सांगितली तर केळ सोलता सोलता
हसली, तोंड उघडून, सगळ्या दातांनिशी,
आणि नुकतं वर आलेलं ऊन
त्या कडांमधून थोडं आरपार गेलं.

"दात काढू नको," सवयीनं ओरडलो.
मग म्हणलं,
काढ. काढ, बाई.