आठ भोकं

गिम्लीच्या सभागृहात जुन्या नोटांचा बाजार.
बाहेर उणे एकतीस. विनिपेग सरोवर
शिळा होऊन पडलेलं.
माझ्या टेबलावर भिंग, चिमटा, दिवा
आणि बुडालेल्या बँकांचे वायदे,
प्लास्टिकच्या पाकिटांत, तारीखवार.

सिगुरलिनबाईंनी बिस्किटांच्या डब्यातून काढली
पंचवीस सेंटांची नोट, एकोणीसशे तेवीसची.
शिनप्लास्टर म्हणायचे हिला लोक:
नडगीवर बांधायची पट्टी. एवढीच तिची पत.
कडेला चिकटलेलं माशाचं एक खवलं
दिव्याखाली उगाच चमकलं.

मी सवयीनं बोलत गेलो.
मधली घडी उसवायला आलीय,
तेलाचा डाग, एक कोपरा गेलेला,
टाचणीची भोकं सात.

"आठ," त्या म्हणाल्या. "पुन्हा मोजा."

आठवं होतं ब्रिटानियाच्या शिरस्त्राणात,
शाईच्या रेघांत दडी मारून.

"टाचणी एकदा आत जाते, एकदा बाहेर.
म्हणजे चारदा.
आमचा थोरलाकुर, तेरा वर्षांचा,
उत्तरेला मासेमारीच्या तळावर जायचा,
स्वयंपाक्याच्या हाताखाली.
आई ही कोटाच्या अस्तराला टाचून द्यायची.
नाहीच निभलं, तर कुणाच्या तरी स्लेजवर बस
आणि ये निघून.
दर मार्चात तो यायचा, बर्फावरून, पायी.
नोट जशीच्या तशी.
आई आधी जेवायला वाढायची, मग रागवायची,
मग नोट घड्याळामागे सरकवायची."

पुढचं मी विचारलं नाही.
हातमोजे चढवता चढवता त्याच म्हणाल्या,
"पाचव्या वर्षी ती घड्याळामागेच राहिली."

अकरा डॉलर. भाव ऐकून हसल्या,
घासाघीस न करता घेतले.
चर्चच्या बायकांच्या टेबलावरून
विनारतेर्ताचा तुकडा आणला,
सुक्या आलुबुखाऱ्याचे थर काळेभोर,
अर्धा माझ्या भिंगाशेजारी ठेवला
आणि दार नीट लावून गेल्या.

दुपारी ब्रँडनचा एक पोरगा आला. नवा शौकीन,
हातात दर-पुस्तिका.
नोट दिव्यासमोर धरून म्हणाला, "दोष काय काय?"
मी सांगत गेलो: घडी, डाग, कोपरा.
भोकांपाशी जीभ घसरली.
"चार हिवाळे," म्हणालो.

त्यानं माझ्याकडे पाहिलं,
नोट खाली ठेवली
आणि दुसरी मागितली,
कोरी करकरीत.