उसवण

आधी वाटलं, पिसवा असतील.
मग वाटलं, उकाडा.
कन्नमवार नगरात, पत्र्याखालच्या गॅलरीत,
मे महिन्यात माणसांचेही केस गळतात.

सकाळी मडक्यात हात घातला
तर चार पिल्लं एकमेकांवर रचलेली, कोमट,
आणि थोरल्याची पाठ
सोललेल्या लसणीसारखी.
काल तिथे पिसांच्या नळ्या फुटल्या होत्या
हिरव्या, पेन्सिलीच्या टोकाएवढ्या.
आता त्या मडक्याच्या तळाशी. बुडखाला रक्त वाळलेलं.

रात्री मशीन झाकून पिंजऱ्यासमोर बसले
मोबाइलच्या टॉर्चला रुमाल गुंडाळून.
संशय नरावर होता माझा, खोटं कशाला सांगू.
निळ्या नाकाचा, दिवसभर आरशाशी गप्पा मारणारा.
तो दांडीवर झोपला होता, एक पाय पोटाशी घेऊन.

तीच होती.
आधी तिनं धाकट्याला भरवलं,
मान हलवत, दाणा ओला करून, कण न सांडता.
मग त्याच चोचीनं थोरल्याच्या पाठीवरचं
एकेक उपटत गेली.
मी फॉल उसवते ना,
गिऱ्हाइकाला रंग पसंत पडला नाही की,
टाके मोजत, कापडाला धक्का न लावता,
तसं.

तळमजल्यावरचे आग्नेलो अंकल
लुंगीची गाठ मारत वर आले.
वीस वर्षं पक्षी पाळलेत त्यांनी. वाकून बघितलं.
"हिला जागा पायजे. पुढची अंडी पोटात हाय.
ह्यांना सांगते, चला, निघा."
मी म्हटलं, अजून उडता येत नाही त्यांना.
"ते तिला म्हाइत नाय."

(शेजारणी ह्यांना लव्हबर्ड म्हणतात.
किती वेळा सांगितलं.)

समुद्रफेस टांगला. शेवग्याचा पाला,
उकडलेलं अंडं कवचासकट कुस्करून.
पिल्लांच्या पाठीला कोरफडीचा कडू गर.
तिनं चोच दांडीवर घासली, इकडून, तिकडून,
आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्याची पाठ.

मंगळवारी तिला काढलं.
बोटाला चावली, सोडेचना.
छोटा पिंजरा फ्रिजवर, तिच्या एकटीचा.
पिल्लं चपलांच्या खोक्यात, भुशावर,
बापाच्या पायाशी.
उकाडा या वेळी कामाला आला.

तासभर तो वरून नुसता बघत राहिला,
एका डोळ्यानं, मग दुसऱ्या.
मी एका पैठणीला उलटा फॉल लावून बसले.
दुपारी खोक्यातून तो आवाज आला, किर्रकिर्र, भुकेचा,
मग मध्येच तुटला.
तोंड भरल्यावर तुटतो तसा.

मी सात वर्षांची होते.
धाकट्याच्या वेळी आईनं माझी वेणी घातली,
इतकी घट्ट की डोळे ओढले गेले,
आणि मावशीकडे भांडुपला पाठवलं,
बारशापर्यंत.
दहावीचा फॉर्म मावशीनंच भरला.
रविवारी बाबा यायचे.
खिशात चिक्की, अंगाच्या उबेनं मऊ पडलेली.
बोलायचे नाहीत फार.
माझी खाऊन होईपर्यंत बसायचे.
आईला मी कधी विचारलं नाही.
काय विचारायचं तेच ठरेना.

फ्रिजवर, मडकं नसताना,
तिनं तारेवरच अंडं घातलं.
ते घरंगळत कोपऱ्यात गेलं, पाण्याच्या वाटीपाशी थांबलं.
दिवसभर ती त्याच्याकडे पाठ करून बसली,
संध्याकाळी सरकत सरकत गेली आणि
पोटाखाली घेतलं.

जूनपर्यंत सगळ्यांना पिसं आली.
घाटकोपरच्या एका पोरानं तिघं नेली.
थोरला नको म्हणाला.
त्याच्या मानेमागे अजून रुपयाएवढी जागा उघडी आहे,
तिथली कातडी श्वासाबरोबर हलते.

रात्री चादर टाकताना ती वरून साद घालते
आणि हा उत्तर देतो.
दोघांचं किती वेळ चालतं.
काल तिला खाली उतरवलं,
पिंजऱ्याशेजारी पिंजरा.
चोच कुठवर पोचते बघून
मधलं अंतर टेपनं मोजून ठेवलं.
नऊ इंच.