छाट

पुतण्यानं बार्सिलोनाहून पाठवली होती,
पत्र्याच्या नळीत एकटीच, करंगळीएवढी बारीक.
सोबत चिठ्ठी: काका, या सिगारचा तंबाखू
रम संपलेल्या ओकच्या पिंपात सात महिने निजला होता.
घाई करू नका. धूर गिळू नका.

मला शिकवतो.
दाजी पेठेतल्या कारखान्यात बत्तीस वर्षं मी चेकर.
पंचवीसचा कट्टा हातात घेतला की
कुठली विडी पोकळ, कुठलीचं तोंड नीट दुमडलेलं नाही,
अंगठ्याला कळायचं, डोळ्यांच्या आधी.
नाही पटली की छाट.
डाव्या हाताला छाटीची पाटी असायची,
संध्याकाळपर्यंत भरायची.

मे महिना. गच्चीवर पाणी मारून बसलो होतो.
लाइट गेलेली, म्हणून शेजारच्या मागांची खटखट बंद.
न पेटवताच ओढून पाहिली आधी:
मनुका. ओलं लाकूड. आणि लांब कुठेतरी
ढेपेचा गूळ लागलेलं गोणपाट.
चिमटीत दाबली, दबली, परत वर आली.
असं भरणं मी फार थोड्या हातांत पाहिलं.

तेवढ्यात जिन्यावर सत्यव्वा चिंताकिंदी.
विडी घरकुलातून दोन रिक्षा बदलून आलेली,
पेन्शनचा फॉर्म पिशवीत. कारखाना बंद पडला,
आता जुन्या चेकरची सही चालते म्हणे.
"काय हाय ते?"
दिली हातात.

तिनं नाकाला लावली. डोळे मिटले.
"आमचा माणूस दारातून आत यायच्या आधी
हा वास यायचा," म्हणाली, "इतका चांगला नव्हता."
मग सुपात घ्यावी तशी मांडीवर घेतली, फिरवली,
पानाच्या शिवणीवरून तिचं बोट वरपर्यंत चढत गेलं.
"दोरा कुठाय?"
दोरा नसतो, म्हटलं. डिंक असतो, थेंबभर.
"बाईनं वळलीय."
कशावरून?
"पान ओढलंय. ताणलं नाही."
चाळीस वर्षं विड्या वळल्या हिनं,
एकदाही पेटवली नाही.

मी पेटवली. काडी लांब धरून, फिरवत फिरवत.
पहिला धूर मिऱ्यासारखा, जिभेच्या कडांना.
मग भाजलेले शेंगदाणे, साल काढायच्या आधीचे,
मग नव्या चपलेचं कातडं,
आणि नाकातून सोडताना, सगळ्यांच्या मागून, पिंप:
गोड नाही, कडू नाही,
घासून पालथ्या घातलेल्या भांड्यात
काल काय शिजलं होतं ते कळावं, तसं काहीसं.
राख पांढरी, पेरभर, पडेचना.
चिठ्ठी बरोबर होती.

सत्यव्वा निखाऱ्याकडे बघत होती.
"डावीकडून पुढं पळतीय," म्हणाली.
"आत पानाची शीर ऱ्हायलीय एक."
पाहिलं. खरंच पळत होती.
"छाट," ती म्हणाली.
आणि हसली, तोंडावर पदर न घेता.
हा शब्द तिच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला.

फॉर्मवर एक रकाना होता: रोज किती विड्या?
मी आठचा आकडा काढला. वहीत आठशेच असायच्या.
"हजार," ती म्हणाली.
वरच्या दोनशे माझ्या पाटीत जायच्या,
आणि पाटीतल्या, अंधार पडल्यावर, मालक
वेगळा दोरा लावून खेड्यांतल्या बाजारांना पाठवायचा.
मला माहीत होतं.
तिलाही माहीत होतं, हे आज कळलं.

राख पडली ती नेमकी फॉर्मवर.
फुंकर मारली. आठ खोडला.
एक, आणि तीन शून्यं. खाली सही.

"संपली की ती नळी दे मला,
सुया ठेवायला बरीय."
अजून अर्धी बाकी होती.
लाइट आली, माग सुरू झाले,
आता बोललेलं ऐकू येईना.
ती पाय पसरून बसून राहिली, नळीसाठी.
मी ओढत राहिलो, वाकडी जळत असलेली,
घाई न करता.